परक्या देशाच्या संसदेत आपला माणूस पोहोचतो कसा?

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात नागपुरातल्या कितीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय होता. युगांडातल्या कंपालात जन्मलेला, भारतीय मुळांचा झोहरान ममदानी वयाच्या ३४ व्या वर्षी न्यूयॉर्कचा महापौर म्हणून निवडून आला होता. त्याच दिवशी हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी व्हर्जिनिया राज्यात लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे राज्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर निवडून आल्या. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे लोक मला थांबवून विचारत होते. प्रश्न फिरून फिरून तेच. हा ममदानी आता अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होणार का? आमचा मुलगा तिकडे आहे, त्याला असं काही जमेल का? आणि जरा दबक्या आवाजात तिसरा: बाहेरून आलेल्याला ते लोक निवडून देतात, आपण दिलं असतं का?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष व्हायला जन्मतः अमेरिकी नागरिक असावं लागतं. ममदानी सात वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आला आणि २०१८ मध्ये नागरिक झाला. तो महापौर होऊ शकतो, गव्हर्नर होऊ शकतो, खासदारही होऊ शकतो, पण ते एक पद त्याच्यासाठी बंद आहे. ऑस्ट्रियात जन्मलेले अर्नोल्ड श्वार्झनेगर २००३ ते २०११ कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. त्यांचीही मजल तिथेच थांबली. कमला हॅरिस यांचे आईवडील दोघेही बाहेरून आलेले, पण त्यांचा स्वतःचा जन्म कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा, म्हणून त्या राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहू शकल्या.

बाकीच्या दोन प्रश्नांना जास्त जागा लागेल.

भाडेकरू, सभासद आणि कमिटी

फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्यांना ही गोष्ट लवकर कळेल. भाडेकरू मेंटेनन्स भरतो, लिफ्ट वापरतो, गणपतीची वर्गणी देतो, पण वार्षिक सभेत त्याला मत नसतं. ज्याच्या नावावर शेअर सर्टिफिकेट आहे तो सभासद. तोच मत देतो आणि कमिटीच्या निवडणुकीलाही तोच उभा राहतो. एखादा भाडेकरू दहा वर्षांपासून सगळ्यांच्या अडीअडचणीला धावत असेल, पाण्याच्या टँकरसाठी रात्री उशिरापर्यंत फोन करत असेल, तरी सभासदत्वाचा कागद नसेल तर मत नाही.

देशांमध्येही साधारण असेच टप्पे आहेत. पहिला व्हिसा: शिकायला किंवा नोकरीला ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी. दुसरा कायम निवास: मुदत नाही, नोकरी बदला, धंदा करा, पण तुम्ही अजून नागरिक नाही. यालाच अमेरिकेत ग्रीन कार्ड म्हणतात, कॅनडात पीआर आणि ब्रिटनमध्ये आयएलआर. तिसरा टप्पा नागरिकत्व. जन्माने नव्हे, तर अर्ज करून, परीक्षा देऊन, शपथ घेऊन ते मिळालं तर कायदा त्याला देशीयकरण म्हणतो. बहुतेक देशांत राष्ट्रीय संसदेचं दार या तिसऱ्या टप्प्यानंतरच उघडतं. मात्र एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जायला किती वर्षं लागतात आणि नागरिक झाल्यावरही आणखी थांबावं लागतं का, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. कोण कधी राजकारणात येतो हे या वर्षांवरून मोठ्या प्रमाणात ठरतं. हुशारी, वक्तृत्व, पैसा या सगळ्यांची पाळी नंतर येते.

एकच मुलगी, तीन देश

धरून चालू, नागपुरातल्या प्रतापनगरची एक मुलगी व्हीएनआयटीतून इंजिनिअर झाली आणि २२ व्या वर्षी बाहेर पडली.

ती अमेरिकेला गेली तर दोन वर्षं एमएस, मग नोकरी, मग नोकरदारांचा एच-वन-बी व्हिसा. कंपनी ग्रीन कार्डासाठी अर्ज करते आणि खरी प्रतीक्षा तिथे सुरू होते. नोकरीच्या आधारावर दरवर्षी साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सर्वसाधारणपणे ७ टक्केच मिळू शकतात. भारतातून अर्ज करणाऱ्यांची संख्या प्रचंड, त्यामुळे इंजिनिअर मंडळी ज्या गटांत मोडतात त्यांतली भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. समजा तिला ३८ व्या वर्षी ग्रीन कार्ड मिळालं. त्यानंतर पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. जोडीदार अमेरिकी नागरिक असेल तर तीन वर्षांनी. इंग्रजीची चाचणी आणि देशाचा इतिहास व राज्यव्यवस्थेवर तोंडी परीक्षा असते. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. ती ४३ व्या वर्षी नागरिक झाली. आता अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे हाउससाठी, नागरिक होऊन सात वर्षं झालेली असावी लागतात आणि सिनेटसाठी नऊ. म्हणजे ही मुलगी हाउसमध्ये बसण्यास पात्र होईल तेव्हा तिचं वय असेल ५०. तोवर तिची मुलगी कॉलेजात असेल, आणि ती तिथेच जन्मलेली असेल तर तिला यातलं काहीच लागू नाही.

कॅनडात हिशेब वेगळा. पीआर होऊन गेल्या पाच वर्षांतले १,०९५ दिवस, म्हणजे एकूण तीन वर्षं, प्रत्यक्ष कॅनडात काढले की अर्ज करता येतो. परीक्षेत २० प्रश्न, १५ बरोबर हवेत. आणि नागरिक झाल्यावर संसदेला उभं राहायला वेगळी प्रतीक्षा नाहीच. हीच मुलगी तिशीच्या आसपास खासदारकीची उमेदवार होऊ शकते. कॅनडाच्या संसदेत पंजाबी आडनावं एवढी का दिसतात, त्याचं एक कारण हे आहे. सगळं कारण नव्हे. ब्रिटिश कोलंबियात शीख वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

सगळ्यात थक्क करणारा नियम ब्रिटनचा, आणि तो नागपुरात फार कमी जणांना ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये राहणारा भारतीय नागरिक, भारतीय पासपोर्ट हातात ठेवून, तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करू शकतो. अगदी विद्यार्थी व्हिसावर गेलेलासुद्धा. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य आहे आणि ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या राष्ट्रकुलाच्या नागरिकाला तो हक्क आहे. २०२३ पासून तिथे मतदानकेंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट त्यासाठी चालतो. म्हणजे लेस्टरच्या मतदानकेंद्रावर टेबलापलीकडच्या कर्मचाऱ्यापुढे निळा भारतीय पासपोर्ट ठेवायचा आणि ब्रिटनचा खासदार निवडायचा. एवढंच नाही. आयएलआर मिळालेला भारतीय नागरिक ब्रिटिश संसदेला उभाही राहू शकतो. त्याच्या मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या आणि ५०० पाउंड अनामत. नोकरीच्या व्हिसावर आयएलआरसाठी पाच वर्षं लागत आली. ती दहा करण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने २०२५ मध्ये मांडला.

इथे पालकांना एक कळकळीची सूचना. ब्रिटनमधला हा हक्क अमेरिकेत आहे असं समजू नका. अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्सचा फॉर्म भरताना मतदार नोंदणीबद्दलही विचारतात. घाईत तिथे ‘मी नागरिक आहे’ अशी खूण झाली आणि पुढे मतदान केलं, तर ग्रीन कार्ड असलेल्या माणसालाही देशाबाहेर काढलं जाऊ शकतं आणि नागरिकत्वाची वाट कायमची बंद होऊ शकते. देणग्यांचंही तसंच. व्हिसावरच्या माणसाने तिथल्या उमेदवाराला एक डॉलरही द्यायचा नाही. ग्रीन कार्ड असेल तर देता येतो. पैसे न घेता प्रचाराला मदत करणं मात्र दोघांनाही चालतं.

ब्रिटनचा हा नियम आला कुठून?

साम्राज्यातून. ज्या काळात मुंबईचा माणूस आणि मँचेस्टरचा माणूस दोघेही एकाच राणीची प्रजा होते, त्या काळात लंडनमध्ये उभं राहायला दादाभाई नौरोजींना वेगळं नागरिकत्व मागावंच लागलं नाही. १८८६ मध्ये ते होबर्नमधून हरले. दोन वर्षांनी पंतप्रधान सॉल्सबरी यांनी भर सभेत त्यांचा उल्लेख ‘काळा माणूस’ असा केला आणि ब्रिटिश मतदार असा माणूस निवडणार नाही असं सुचवलं. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीने त्यांना निवडलं, अवघ्या पाच मतांनी. साम्राज्य गेलं, राष्ट्रकुल राहिलं आणि हा हक्कही त्याच्याबरोबर राहिला.

याच्या अगदी उलट गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

दलीपसिंग सौंद यांची सात वर्षं

दलीपसिंग सौंद यांचा जन्म १८९९ मध्ये अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवडी गावचा. १९२० मध्ये ते शिकायला अमेरिकेला गेले आणि बर्कली विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. पण १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्याचाही उपयोग झाला नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा भारतीयांचंही ते काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली.

मग गणितातला हा डॉक्टर कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, इंपीरियल व्हॅलीच्या रखरखीत उन्हात शेती करायला लागला. ती जमीनही स्वतःच्या नावावर घेता येईना, कारण नागरिक होण्यास अपात्र असलेल्यांना जमीन विकत घ्यायला कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी होती. विदर्भातल्या माणसाला सातबाऱ्यावर नाव नसण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

सौंद गप्प बसले नाहीत. भाषणं देत राहिले, गावच्या सभांना जात राहिले, भारतीयांच्या नागरिकत्वासाठी संघटना उभी करून खटपट करत राहिले. जुलै १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला १०० जणांना येण्याची मुभा. डिसेंबर १९४९ मध्ये सौंद नागरिक झाले. देशात पाऊल ठेवून २९ वर्षं झाली होती.

पुढच्याच वर्षी वेस्टमोरलंड नावाच्या छोट्या गावाने त्यांना स्थानिक न्यायाधीश म्हणून निवडून दिलं. तिथे हे पद निवडणुकीने भरतात. पण नागरिक होऊन वर्ष पूर्ण झालं नव्हतं, म्हणून पद नाकारलं गेलं. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, जिंकले आणि काम केलं. १९५६ मध्ये ते थेट अमेरिकी संसदेला उभे राहिले. सात वर्षं पूर्ण होत नाहीत म्हणून त्यांना रोखायचा कोर्टातून प्रयत्न झाला, तो फसला. हिशेब पाहा: डिसेंबर १९४९ अधिक सात म्हणजे डिसेंबर १९५६, आणि नव्या खासदारांची शपथ जानेवारी १९५७ मध्ये. काही आठवड्यांच्या फरकाने ते बसले. निवडणुकीत समोर होत्या जॅकलिन कॉक्रन, त्या काळच्या जगप्रसिद्ध वैमानिक, पैसा आणि ओळखी दोन्ही असलेल्या. सौंद जिंकले आणि अमेरिकी संसदेतले पहिले आशियाई सदस्य झाले.

भारतात जन्मलेला दुसरा माणूस हाउसमध्ये पोहोचायला त्यानंतर साठ वर्षं लागली. चेन्नईत जन्मलेल्या प्रमिला जयपाल आणि दिल्लीत जन्मलेले राजा कृष्णमूर्ती २०१६ मध्ये निवडून आले. जयपाल १६ व्या वर्षी एकट्या शिकायला गेल्या होत्या. नागरिक झाल्या २००० मध्ये.

पात्र झाल्यावर पुढे काय?

कायदा फक्त उभं राहू देतो. निवडून शेजारी देतात. आणि शेजारी निवडतात ते ओळखीच्या माणसाला.

लिओ वराडकर यांचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, कारण वडील डॉ. अशोक वराडकर मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. पण २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान होण्याआधी लिओ डब्लिनजवळच्या फिंगल कौंटी कौन्सिलवर होते, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवक. २००४ मध्ये कौन्सिल, २००७ मध्ये संसद, आणि मग बाकीचं. ते जन्माने आयरिश, त्यामुळे त्यांना नागरिकत्वाची अडचण नव्हती. तरी पायरी तीच.

आयर्लंडने स्थानिक निवडणुकांसाठी एक धाडसी नियम केला आहे. तिथे राहणारा कुणीही, नागरिक असो वा नसो, स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतो आणि उभा राहू शकतो. नायजेरियातून २००० मध्ये आश्रय मागत आलेले रोतिमी अदेबारी २००४ मध्ये पोर्टलिश गावच्या कौन्सिलवर निवडून आले आणि २००७ मध्ये तिथले महापौर झाले. न्यूयॉर्क शहरानेही नागरिक नसलेल्या रहिवाशांना स्थानिक मतदानाचा हक्क द्यायचा कायदा केला होता. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवला.

सोजन जोसेफ यांची गोष्ट मेडिकलमधल्या आपल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावी. हे केरळचे. ब्रिटनमध्ये गेले ते मनोरुग्णांची शुश्रूषा करणारे नर्स म्हणून. जुलै २०२४ मध्ये केंट परगण्यातल्या ॲशफर्डमधून ते मजूर पक्षाचे खासदार झाले. समोर होते डेमियन ग्रीन, १९९७ पासून तिथले खासदार आणि माजी मंत्री. गझाला हाश्मी कम्युनिटी कॉलेजात शिकवत होत्या. २०१९ मध्ये राज्याच्या सिनेटवर आल्या तीच त्यांची पहिली निवडणूक. ममदानी निवडणुकीत उतरण्याआधी कर्जापायी घर जाण्याची वेळ आलेल्या कुटुंबांना सल्ला देण्याचं काम करत होता. या तिघांचंही काम असं की रोज अडचणीत असलेल्या माणसाशी गाठ पडते.

दुसरी वाट पैशाची आहे. श्री ठाणेदार हे मराठी घरातले, जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात. मुंबई विद्यापीठात शिकले, ओहायोतल्या ॲक्रन विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, १९८८ मध्ये अमेरिकी नागरिक झाले. धंदा उभारला, तो बुडाला, पुन्हा उभारला. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाची प्राथमिक निवडणूक लढले. प्राथमिक म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनीच ठरवण्याची फेरी. तिथे ते तिसरे आले. मग २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून संसदेत गेले. स्वतःचा भरपूर पैसा त्यांनी प्रचारात घातला. माणसाची चिकाटी मोठी आहे आणि मराठी म्हणून मला त्यांचं कौतुक आहे. तरी ज्याच्याकडे तेवढा पैसा नाही त्याला ही वाट दाखवण्यात अर्थ नाही. मला कौन्सिलची, शाळेच्या समितीची, नर्सच्या ड्युटीची वाट जास्त भरवशाची वाटते.

आपल्याकडे तर नगरसेवक या पदाची किंमतच आपण विसरत चाललो होतो. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात तरुण कार्यकर्ते शिकणार कुठे, हा प्रश्न मला फार छळायचा.

‘पण दोन देशांशी इमान कसं राखणार?’

ही शंका रास्त आहे आणि तिला सगळ्यात कडक उत्तर ऑस्ट्रेलियाने दिलं आहे. तिथल्या राज्यघटनेचं कलम ४४ सांगतं की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असलेल्याला संसदेत बसता येणार नाही. २०१७ मध्ये हे कलम अनेकांवर शेकलं. उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांचे वडील न्यूझीलंडचे निघाले, त्यामुळे जॉइस यांना नकळत तिथलंही नागरिकत्व होतं. २७ ऑक्टोबर २०१७ ला उच्च न्यायालयाने, जे तिथलं सर्वोच्च न्यायालय आहे, त्यांच्यासह पाच जणांना अपात्र ठरवलं. जॉइस यांनी न्यूझीलंडचं नागरिकत्व सोडून पोटनिवडणूक लढवली आणि ते परत आले. कॅनडा आणि ब्रिटनमध्ये मात्र दुहेरी नागरिकत्व खासदारकीच्या आड येत नाही.

भारतातून गेलेल्यांपुढे हा पेच सहसा येतच नाही, कारण आपला कायदाच तो सोडवतो. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: भारतीयाने स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी भारताचं संपतं. मनीषनगरच्या एका काकूंनी मला मुलाच्या शपथविधीचा फोटो दाखवला होता. मुलाच्या हातात छोटा झेंडा, सून हसतेय, नातू कंटाळलेला. फोटोबरोबर मुलाने आईकडे ठेवायला पाठवलेला जुना पासपोर्ट होता, कोपरा कापलेला, ‘रद्द’चा शिक्का मारलेला. त्या पासपोर्टावरून बोट फिरवत म्हणाल्या, “सर, म्हणजे तो आता आपला नाही का हो राहिला?”

मी म्हणालो, “काकू, तुमचा तर आहेच. भारताचा मतदार मात्र नाही.”

“पण ते ओसीआय कार्ड काढलंय ना त्याने?”

ओसीआयबद्दल हा गैरसमज सर्रास आढळतो. ते कार्ड म्हणजे भारतात व्हिसाविना येण्याजाण्याची आणि राहण्याची कायमची सोय. त्यावर मतदार होता येत नाही, आमदार-खासदार होता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही. ते दुहेरी नागरिकत्व नाही.

‘निवडून आला तर आपल्या कामी येईल का?’

ही अपेक्षा मनातून काढून टाकलेली बरी. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कुशल कामगारांच्या व्हिसासाठी लागणारा किमान पगार २६,२०० पाउंडांवरून ३८,७०० पाउंडांवर नेण्याची घोषणा केली, आणि वृद्धांची, आजाऱ्यांची सेवा करायला येणाऱ्यांना कुटुंब सोबत आणायला मनाई केली. त्याचा फटका भारतातून जाणाऱ्यांना बसला. सुनक साउथॅम्प्टनमध्ये जन्मलेले. त्यांना निवडलं यॉर्कशरमधल्या मतदारांनी आणि उत्तर द्यायचं त्यांनाच. आपण इकडे फटाके फोडले म्हणून ते आपले प्रतिनिधी होत नाहीत.

याच नाण्याची दुसरी बाजू डेट्रॉइटमध्ये दिसली. हे शहर कृष्णवर्णीयबहुल. १९५५ पासून तिथून सतत कुणी ना कुणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी संसदेत होता. ठाणेदार निवडून आल्यावर ती परंपरा तुटली. तिथल्या बऱ्याच लोकांना ते लागलं. अनेक उमेदवारांत मतं विभागली जाऊन ठाणेदार प्राथमिक फेरीत २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर पुढे गेले होते. आपण ‘मराठी झेंडा अटकेपार’ म्हणत होतो तेव्हा तिकडे एक समाज आपला आवाज हरवला म्हणून हळहळत होता. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्र समजून घ्यायला हवं.

‘आपण दिलं असतं का निवडून?’

आता तो दबक्या आवाजातला प्रश्न. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर भारत अमेरिकेपेक्षा उदार आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम ८४ नुसार खासदार व्हायला भारताचा नागरिक असावं लागतं आणि कलम ५८ नुसार राष्ट्रपती व्हायलाही तेवढंच. जन्म कुठला हे विचारलेलं नाही. नागरिक होऊन सात वर्षं थांबा, असंही नाही. फरक आहे तो एवढाच की अर्जाने मिळालेलं नागरिकत्व काही कारणांनी, उदाहरणार्थ फसवणूक उघड झाली तर, सरकार काढून घेऊ शकतं.

व्यवहारात हा प्रश्न महाराष्ट्राच्या राजकारणाला चांगलाच लागून गेला आहे. सोनिया गांधी इटलीत जन्मल्या, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. मे १९९९ मध्ये शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी परदेशी जन्माच्या व्यक्तीने पंतप्रधान होऊ नये असं म्हटलं, काँग्रेसने तिघांना काढलं आणि १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस जन्मली. त्याच वर्षी अमेठी आणि बेल्लारी या दोन्ही ठिकाणच्या मतदारांनी सोनियांना निवडून दिलं. आणि ऑक्टोबरात हेच दोन पक्ष महाराष्ट्रात एकत्र सत्तेत बसले. सोनियांच्या धोरणांवर टीका करायची तर भरपूर करता येईल. जन्मस्थानावरून मात्र अपात्र ठरवायचं असेल, तर मग ठाणेदारांच्या विजयाचे पेढे आपण कुठल्या तोंडाने वाटायचे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

नागपूरने स्वतः एका परदेशी माणसाला किती जवळ केलं ते बघा. जपानमधल्या ओकायामात जन्मलेले भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई १९६० च्या दशकात भारतात आले आणि नागपुरातल्या इंदोरा भागातल्या बुद्धविहारात राहिले. १९८० च्या दशकात त्यांना भारतीय नागरिकत्व मिळालं. बोधगयेचं महाबोधी विहार बौद्धांच्या ताब्यात द्यावं यासाठीच्या आंदोलनाचं नेतृत्व त्यांनी केलं आणि पुढे राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे सदस्य झाले. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जमणाऱ्या लाखो लोकांनी त्यांना कधी परका म्हटलं नाही. ते निवडणुकीच्या राजकारणात नव्हते, हे खरं; पण लोकांचं नेतृत्व करायला इथे जन्मायलाच हवं असं इंदोऱ्याने मानलं नाही.

हिवाळ्यात आपल्याकडे स्वेटर विकायला येणारे तिबेटी आपण सगळेच पाहतो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावच्या परिसरात त्यांची वसाहत आहे. त्यांच्यातल्या ज्यांचा जन्म २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात झाला, ते कायद्याने जन्मतःच भारतीय नागरिक आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने हे २०१० मध्ये स्पष्ट केलं आणि २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांची मतदार नोंदणी करायला सांगितलं. त्यांच्यातल्या अनेकांनी ती केली नाही, कारण परत जायची आशा सोडल्यासारखं होईल असं त्यांना वाटतं. त्या भावनेचा मान ठेवायला हवा.

आणि नागपुरातलाच जरीपटका. पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली कितीतरी हिंदू कुटुंबं तिथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षं राहिली आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने ज्या निवडक जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचा अधिकार दिला त्यांत नागपूरचे जिल्हाधिकारी होते. पुढे २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने, ज्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले, पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी नागरिकत्वाआधी भारतात राहण्याची मुदत पाच वर्षांवर आणली. त्यातून मुस्लिमांना वगळल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. प्रमाणपत्र हातात आलं की मतदार यादीसाठी फॉर्म ६ भरायचा. महापालिकेला उभं राहायला वयाची २१ वर्षं आणि लोकसभेला २५ पूर्ण लागतात. कराची किंवा घोटकीत जन्म झाला म्हणून आणखी एकही दिवस थांबावं लागत नाही.